बेटावरचे गोडे पाणी

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ साली त्याच्या बांधकामास प्रारंभ झाला. चहूबाजूंनी खारा समुद्र, लाटांचे तडाखे अहोरात्र तटावर बसत असलेले, आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. लोकांनी त्यांना नावे दिली ती दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी. या नावांतच त्या पाण्याचे मोल सांगितलेले आहे. किनाऱ्यावरच्या माणसाने विहिरीला असे नाव दिले नसते. ज्याला पाण्यावाचून तहानेने कासावीस होण्याचे भय ठाऊक आहे, तोच पाण्याला दुधाची आणि साखरेची उपमा देतो.

किल्ला पाहावयास येणारा प्रत्येकजण एक प्रश्न हटकून विचारतो. समुद्राच्या पोटात हे गोडे पाणी आले कोठून? कोणी त्यास चमत्कार म्हणतो, तर कोणी जमिनीवरून समुद्राखालून आलेल्या गुप्त झऱ्याची कथा सांगतो. उत्तर याहून पुष्कळ साधे आहे. लहान बेटावरचे गोडे पाणी पावसाचे असते. आकाशातून पडते तेवढेच त्याचे उत्पन्न, आणि जमीन जेवढे धरून ठेवील तेवढीच त्याची शिल्लक. ही जमाखर्चाची वही किती काटेकोरपणे सांभाळावी लागते, हे पाहावयाचे तर सिंधुदुर्गाच्या खडकावरून आणखी दक्षिणेकडे, अरबी समुद्रातील लक्षद्वीपाकडे गेले पाहिजे.

कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर ही बेटे पसरली आहेत. लहानमोठी मिळून ती ३६ मानली जातात. त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. सर्व बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत तेथे ६४ हजारांहून अधिक लोक होते. बेटे प्रवाळाची, म्हणजे पोवळ्याच्या किड्यांनी युगानुयुगे रचलेल्या चुन्याची. त्यावर प्रवाळाच्या चुऱ्याची पांढरी वाळू आणि त्या वाळूत माडांची दाट राई. समुद्रसपाटीहून जमीन जेमतेम काही मीटर उंच. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. पाऊस मात्र वर्षास सुमारे १५०० ते १६०० मिलिमीटर, म्हणजे इंदूर किंवा हैदराबाद यांच्या वाट्याला येणाऱ्या पावसाहून पुष्कळच अधिक. तो पडतो आणि क्षणात वाळूत दिसेनासा होतो.

तो जातो कोठे? येथे निसर्गाची एक विलक्षण योजना आहे. प्रवाळाची जमीन चाळणीसारखी सच्छिद्र असल्यामुळे समुद्राचे खारे पाणी बेटाखाली सर्वत्र शिरलेले असते. पावसाचे गोडे पाणी झिरपत खाली येते आणि त्या खाऱ्या पाण्यावर येऊन ठरते. दुधावर साय धरावी तसे ते वर राहते, कारण गोडे पाणी हलके असते. हा गोड्या पाण्याचा साठा बेटाच्या मध्यभागी जाड असतो आणि किनाऱ्याकडे निमुळता होत जातो. त्याचा आकार चष्म्याच्या भिंगासारखा असल्याने शास्त्रज्ञांनी त्याला भिंग हेच नाव दिले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन गायबेन या डच अभियंत्याने, आणि त्यानंतर १९०१ साली हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने, या भिंगाचा हिशेब मांडला. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून शेकडा अडीच भाग जड असते. त्यामुळे विहिरीतील गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून १ फूट उंच असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी तरंगत असते. ऐकताना हा मोठा लाभ वाटतो. परंतु हाच हिशेब उलट वाचला की छाती दडपते. उपसा करून वरची पातळी १ फूट उतरवली, तर कालांतराने खालचे खारे पाणी ४० फूट वर सरकते. प्रत्यक्षात लाटा आणि भरती-ओहोटी यांच्या हालचालीने मधला थर मिसळून मचूळ होतो, आणि पिण्याजोगे पाणी या हिशेबाहून कितीतरी पातळ थरात शिल्लक राहते. लक्षद्वीपातील विहिरींचे पाणी भरतीबरोबर चढते आणि ओहोटीबरोबर उतरते. विहीर आणि समुद्र यांचे नाते किती जवळचे आहे, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

पूर्वीच्या पिढ्यांना हा गणिती नियम ठाऊक नव्हता, पण त्यांची राहणी त्या नियमाला धरून होती. विहीर उथळ, पोहरा लहान आणि ओढणारा हात माणसाचा. दोन-चार पोहरे ओढले की हात दमतो. तेवढ्या वेळात आजूबाजूच्या वाळूतून पाणी पाझरून विहीर पुन्हा भरते. माणसाच्या थकव्यानेच उपशावर मर्यादा घातली होती. पुढे वीज आली, पंप आले. पंपाला थकवा नाही. त्याने पाणी जोराने ओढले की विहिरीच्या नेमक्या तळाखाली खारे पाणी उलट्या नरसाळ्यासारखे वर चढते. आधी पाणी मचूळ लागते, मग खारट. साबणाला फेस येईनासा होतो, भात नीट शिजत नाही, आणि शेवटी ते तोंडात धरवत नाही. त्यानंतर पंप बंद केला तरी विहीर लगेच सुधारत नाही. पुढचे पावसाळे तिला हळूहळू धुऊन काढतील तेव्हा कोठे ती पूर्ववत होते.

आणि येथेच प्रश्न केवळ शास्त्राचा न राहता शेजारधर्माचा होतो. विहीर एकाच्या अंगणात असली तरी भिंग साऱ्या बेटाचे आहे. कुंपण जमिनीवर घालता येते, जमिनीखालच्या पाण्याला ते कळत नाही. एका घरी टाकी भरून वाहू लागते, तेव्हा शेजारच्या घरची म्हातारी मचूळ पाणी पीत असते.

हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. लक्षद्वीप केरळच्या उच्च न्यायालयाच्या कक्षेत येते. पंपांनी भूजल उपसून ते पुरवण्याच्या योजनेमुळे विहिरी खाऱ्या होतील, अशी तक्रार घेऊन बेटावरील लोक तेथे गेले होते. १९९० मधील निर्णयात न्यायालयाने गोडे पाणी आणि मोकळी हवा ही जगण्याच्या हक्काचीच अंगे मानली, आणि पाणी खारट होण्यापूर्वीच उपसा थांबेल अशी तजवीज असली पाहिजे, यावर भर दिला. भारतात पुढे पाण्याच्या हक्कासंबंधी जी चर्चा झाली, तिच्यात या लहानशा बेटांचा आवाज फार आधी उमटलेला आहे.

खारेपणा हा एक शत्रू झाला. दुसरा शत्रू वरून येतो. वाळूची जमीन पावसाला जशी अडवत नाही, तशी घाणीलाही अडवत नाही. दाट वस्तीत शौचकूपाचा खड्डा आणि पिण्याची विहीर एकाच अंगणात येतात, आणि मग खड्ड्यातले पाणी विहिरीत पोहोचावयास वेळ लागत नाही. मालदीवच्या माले शहरात १९७८ साली पटकीची साथ आली होती. तेथील विहिरी दूषित झालेल्या होत्या, आणि भरमसाट उपशाने भिंगही संपत आले होते. शेकडो वर्षे ज्या पाण्यावर ते बेट जगले, ते एका पिढीच्या काळात पिण्यास निरुपयोगी झाले.

मग उपाय कोणते? पहिला उपाय उपशाच्या रीतीचा. एका ठिकाणी खोल जाऊन ओढण्याऐवजी भिंगाच्या वरच्या थरात आडव्या सच्छिद्र नळ्या पसरावयाच्या, आणि पुष्कळ ठिकाणांहून थोडेथोडे पाणी गोळा करावयाचे. सायीखालचे दूध न ढवळता साय अलगद काढून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. प्रशांत महासागरातील किरिबाटी देशात तारावा बेटावर अशीच व्यवस्था आहे. पाणी स्वच्छ राहावे म्हणून तेथे काही जमीन जलसाठ्यासाठी राखून ठेवावी लागली. जमिनीचा तुटवडा असलेल्या बेटावर अशी राखीव जागा सोडणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि त्यावरून मालक व सरकार यांच्यात तंटेही झाले आहेत.

दुसरा उपाय पाऊस जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच अडवण्याचा. याचा उत्तम नमुना अटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटावर पाहावयास मिळतो. तेथेही नदी नाही. घरांची छपरे चुनखडीची, पायऱ्यापायऱ्यांची आणि चुन्याने पांढरी केलेली असतात. पायऱ्यांमुळे पावसाचा वेग मोडतो. पाणी पन्हळीतून घराखालच्या टाक्यात जाते. घर बांधणाऱ्याने टाके बांधलेच पाहिजे, असा तेथे कायदा आहे. तेथील माणूस टाक्यातील पाण्याकडे पाहून खर्च ठरवतो, कारण त्याला आपली शिल्लक रोज दिसते.

हा हिशेब लक्षद्वीपालाही लावून पाहता येतो. ५० चौरस मीटरच्या छपरावर १५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७५ हजार लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ६० हजार लिटर उरते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास माणशी १० लिटर धरले, तर कोरड्या पाच महिन्यांसाठी साडेसात हजार लिटरचे टाके पुरते. म्हणजे पावसाची उणीव नाही, उणीव आहे ती टाक्याची आणि छप्पर व पन्हळ स्वच्छ ठेवण्याच्या नेमाची. पहिल्या सरीचे मळके पाणी सोडून द्यावे आणि टाके झाकलेले असावे, या साध्या गोष्टींवर सारे अवलंबून असते.

तिसरा उपाय यंत्राचा. २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने कवरत्ती बेटावर समुद्राचे पाणी गोडे करणारे केंद्र उभारले. त्याची युक्ती मोठी मनोवेधक आहे. पृष्ठभागावरचे कोमट पाणी निर्वात पात्रात सोडले की त्याचा थोडा भाग आपोआप वाफ होतो. सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववली की गोडे पाणी मिळते. दिवसाला १ लाख लिटर, हे त्याचे प्रमाण. २०११ साली मिनिकॉय व अगत्ती येथेही अशी केंद्रे सुरू झाली, आणि पुढे इतर बेटांसाठीही ती हाती घेण्यात आली. विहिरींवरचा भार यामुळे निश्चित हलका झाला. तथापि १ लाख लिटर कवरत्तीच्या ११ हजारांवर लोकांत वाटले, तर माणशी सुमारे ९ लिटर येतात. पिणे आणि रांधणे भागले, तरी आंघोळ, धुणे आणि जनावरे यांसाठी विहीर उरतेच. शिवाय यंत्राला वीज हवी, आणि या बेटांवरील विजेसाठी बहुतांश डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने आणावे लागते.

यंत्रावरच सर्वस्वी विसंबल्यास काय होते, हे मालेने ४ डिसेंबर २०१४ रोजी अनुभवले. तेथील जलशुद्धीकरण केंद्राला आग लागली आणि १ लाखाहून अधिक लोकांचे नळ एकाएकी कोरडे पडले. भारताने विमानांनी पाणी पोहोचवले आणि नौदलाची जहाजे पाठवली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला पाणी दिले, ही गोष्ट भूषणावह खरी. पण ज्या शहराच्या जमिनीखाली एके काळी आपले स्वतःचे गोडे पाणी होते, त्याला समुद्रापलीकडून आलेल्या पाण्यासाठी रांगा लावाव्या लागल्या, हीही गोष्ट विसरता येत नाही.

आता समुद्राची पातळी वाढत आहे. किनारा खचला की बेट अरुंद होते, आणि बेट अरुंद झाले की भिंगही आकसते. वादळाची एखादी मोठी लाट बेटावरून गेली, तर वरूनच मीठ आत उतरते. पाऊस दगा देतो तेव्हा काय होते, ते २०११ साली तुवालू या प्रशांत महासागरातील देशाने पाहिले. तेथे अवर्षणामुळे आणीबाणी पुकारावी लागली आणि बाहेरून यंत्रे मागवावी लागली. म्हणून शहाणपण एकाच मार्गावर भिस्त ठेवण्यात नाही. पिण्यासाठी छपराचे पाणी, वापरासाठी विहिरीचे, आणि अडीअडचणीसाठी यंत्राचे, अशी वाटणी असेल तर एक बाजू लंगडी पडली तरी दुसरी सावरते. माडाच्या मुळांनाही याच भिंगातून पाणी लागते, याचाही विसर पडता कामा नये.

बेटावरच्या माणसाला आपल्या पाण्याची सीमा डोळ्यांनी दिसते. चार पावले टाकली की समुद्र. मुख्य भूमीवर राहणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून पाणी अमर्याद आहे असा त्याचा समज होतो. वस्तुतः कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या विहिरींनाही हाच नियम लागू आहे, आणि पठारावर जेथे विंधनविहिरी दरवर्षी अधिक खोल जात आहेत, तेथे खारे पाणी नसले तरी शिल्लक संपण्याचे भय तेच आहे. बेटावरचा माणूस पोहरा विहिरीत सोडतो, तेव्हा त्याच पाण्यात शेजाऱ्याचाही पोहरा बुडत असतो, हे त्याला सांगावे लागत नाही. मुख्य भूमीवरच्या माणसाला मात्र ते शिकावे लागेल, आणि विहीर मचूळ होण्यापूर्वी शिकला तरच त्याचा उपयोग.