दप्तरांतले पूर्वज



श्राद्धाच्या पाटावर बसलेल्या माणसाला गुरुजी तीन नावे विचारतात. वडिलांचे नाव सांगता येते. आजोबांचेही येते. पणजोबांचे सांगताना आपण थोरल्या चुलत्याच्या तोंडाकडे पाहतो. चौथे नाव कोणी विचारीत नाही, म्हणून आपली लाज झाकली जाते. ते चौथे नाव कोठे सापडेल, याचा विचार आज आपल्यापुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

युरोपातल्या माणसाला हे काम सोपे असते. त्याच्या गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही शतकानुशतके ठेवलेली असते. ही चाल पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. आजही गोव्यातला ख्रिस्ती माणूस चर्चच्या वह्यांतून आणि पणजीच्या पुराभिलेखागारातून कित्येक पिढ्या मागे जाऊ शकतो. इंग्लंडात शिरगणतीचाही उपयोग होतो. तेथे १८४१ पासून घरोघरची नावे जपून ठेवली आहेत, आणि शंभर वर्षे उलटली की ती लोकांना पाहता येतात. १९२१ ची शिरगणती तेथे २०२२ साली खुली झाली.

आपल्या शिरगणतीत पूर्वज शोधायला गेलो, तर मात्र हात हलवीत परत यावे लागते. साऱ्या देशाची एकाच वेळी मोजणी पहिल्यांदा १८८१ साली झाली, आणि आपण तेव्हा ज्या हैदराबाद संस्थानात होतो तेथेही झाली. पण छापून राहिले ते आकडे. २०११ साली बीड जिल्ह्यात २५,८५,०४९ माणसे मोजली गेली. त्या जाडजूड ग्रंथांत यांपैकी एकाचेही नाव नाही. १९४८ च्या कायद्याने घरटी माहिती गुप्त ठेवली आहे. ती कोणाला पाहता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. माणसाने निर्भयपणे खरे सांगावे म्हणून हे बंधन आहे, आणि ते योग्यच आहे.

मग आपण जावे कोठे? आमच्या मते आपल्याला चार दारे आहेत.

पहिले दार तहसिलीचे. पहाणीपत्रक, खासरापत्रक, गावकामगारांनी ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी यांत जमिनीबरोबर माणसाचे नाव येते. अडचण लिपीची आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे जुने दप्तर उर्दूत, काही मोडीत. साल फसली असते. त्यात ५९० मिळविले की इसवी सन येतो. फसली १३४० म्हणजे ऑक्टोबर १९३० पासूनचे वर्ष. महिने आजूर, दै, बहमन असे. आणि अंबाजोगाई शोधाल तर ती मोमिनाबाद या नावाने सापडेल. एवढी किल्ली हाती असली म्हणजे अर्धे कुलूप उघडले.

दुसरे दार शाळेचे. दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात आणि जन्मतारीख असते. मात्र ती तारीख पुष्कळदा मास्तरांनीच ठरविलेली असते, हे ध्यानात ठेवावे. एका वर्गातली निम्मी मुले १ जूनला कशी जन्मली, याचे उत्तर वैद्यशास्त्रात नाही!

तिसरे दार तीर्थोपाध्यायांचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, काशी येथे अस्थी घेऊन गेलेल्या माणसाने उपाध्यायांच्या वहीत आपले कूळ लिहून ठेवलेले असते. चर्चच्या वहीची बरोबरी करील असे आपल्याकडे हेच. चौथे दार हेळवी आणि भाट यांचे. ते स्वतः दारी येतात, वंशावळ म्हणून दाखवितात, आणि आपण त्यांना घाईघाईने वाटे लावतो.

येथे घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही आमच्या पणजीचे नाव शोधीत होतो. जमिनीच्या कागदांत पणजोबा भेटले, त्यांचे भाऊ भेटले, बांधावरून भांडलेले शेजारीसुद्धा भेटले. पणजी कोठेच नाही. एका जन्मनोंदीत तिच्या मुलाचा बाप लिहिला होता. जिने त्याला जन्म दिला तिच्यासाठी रकाना कोरा. शेवटी नाशिकला गेलो. उपाध्यायांनी गाव विचारले, आडनाव विचारले आणि लाल कापडात बांधलेली लांबट वही सोडली. आजोबांनी आईच्या अस्थी नेल्या होत्या. त्यांच्याच हातच्या मोडी अक्षरांत तिचे नाव होते. नाव साधेच, या पंचक्रोशीत घरोघरी आढळेल असे. पण त्या पानावर बोट ठेवल्यावर आम्हांला काही वेळ बोलता आले नाही. जमीन नसलेल्या बाईला सरकारी दप्तरात जागा नव्हती. मुलाने ती मेल्यानंतर गोदाकाठी करून दिली.

हे सारे हौसेचे काम आहे, असे कोणी म्हणेल. पण अलीकडे त्याची निकड मराठवाड्याला चांगलीच कळली आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे धुंडाळली जाऊ लागली. त्या प्रश्नाच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच सांगतो की, ज्या कागदांना वाळवी लागली तरी कोणी विचारीत नव्हते, त्यांवर लेकरांचे शिक्षण अवलंबून आहे असे एकाएकी दिसून आले; आणि मोडी वाचणारा माणूस गावोगाव शोधण्याची पाळी आली.

आता शेवटची आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, उन्हाळ्यात परततात. या पाचसहा महिन्यांत कोपीवर लेकरे जन्मतात. कायदा असा आहे की जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच, एकवीस दिवसांत करावयाची. फड तर पुढे सरकलेला असतो. गावी आल्यावर ग्रामपंचायतीत गेले की उत्तर मिळते, जन्म तिकडचा, नोंदही तिकडचीच. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांना शाळेपासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेसाठी जन्माचा दाखलाच दाखवावा लागणार आहे.

आमच्या पणजीचा रकाना कोणी कोरा ठेवला, त्याचा जाब आता कोणाला विचारणार? पण कोपीवर जन्मलेल्या लेकराचा रकाना आज कोरा राहिला, तर तो जाब आपल्याला विचारला जाईल. म्हणून आमची विनंती तीन गोष्टींची आहे. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ या आठवड्यात वही घेऊन बसा, आणि पुरुषांइतकीच बायकांची नावे, त्यांच्या माहेरच्या गावांसह, लिहून घ्या. गावातल्या दोनचार तरुणांनी मोडी शिकावी. वर्णमाला थोड्या दिवसांत हाती येते, वाचन सरावाने येते. आणि टोळी निघेल तेव्हा मुकादमाला बजावा की उचल नि कोयते मोजतोस, तसे तिकडे जन्मलेले लेकरूही तेथल्या दप्तरात मांडून, दाखला घेऊनच परत ये.

पूर्वज शोधणे चांगलेच. पण आपणही कोणाचे तरी पूर्वज होणार आहोत. आपल्या पणतवंडांना आपण सापडू, एवढी तजवीज करून ठेवणे हे त्याहून चांगले.