सन्मान कोणाचा, कशाचा?

आपल्या भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम यांना १८६१ साली अलाहाबादच्या दरबारात लॉर्ड कॅनिंग यांनी राणी व्हिक्टोरियाच्या वतीने ‘स्टार ऑफ इंडिया’ हा किताब अर्पण केला. १८५७ च्या उठावात त्या इंग्रजांच्या पाठीशी राहिल्या होत्या. राजाचा सन्मान हा असा पुष्कळदा निष्ठेचा मोबदला असे.

९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी मराठा पलटणीचा शिपाई नामदेव जाधव याने जे केले, ते मात्र या मापाने मोजता येत नाही. गोळ्यांच्या वर्षावात, सुरुंग पेरलेल्या काठावरून त्याने दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक वाहून सुरक्षित जागी नेले. मग शत्रूची मशीनगनची ठाणी एकट्याने निकामी केली. ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ इंग्लंडच्या राजाचा होता. शौर्य त्याचे स्वतःचे होते.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अठराव्या कलमान्वये किताब बंद केले. परंतु सैनिकी आणि विद्याविषयक बहुमान त्यातून वगळले. हा विवेक मोलाचा आहे. पां. वा. काणे यांना परकीय अमदानीत १९४२ साली ‘महामहोपाध्याय’ ही पदवी मिळाली आणि १९६३ साली प्रजासत्ताकाने ‘भारतरत्न’ दिले. दोन्ही वेळी गौरव झाला तो त्यांच्या विद्वत्तेचाच. तेव्हा पदक कोणी दिले यापेक्षा ते कशासाठी मिळाले, हे विचारणेच अधिक न्यायाचे ठरेल.