बेटावरची हांक

देवळाली प्रवरा हें गांव समुद्रापासून दूर, प्रवरेच्या पाण्यावर ऊंस पिकविणाऱ्या मुलखांत वसलेलें आहे. अंदमानांतील पोर्ट ब्लेअर तेथून सुमारें २,१०० किलोमीटर. तरीहि येथील एखाद्या गच्चीवर दहा मीटर लांबीची तांब्याची तार ताणून बसलेल्या हौशी बिनतारी संदेशकास त्या बेटावरची हांक ऐकूं येणें अशक्य नाहीं. वीस मीटर लांबीची लहर सुमारें ३०० किलोमीटर उंचीवरील विद्युद्भारित थरापर्यंत चढते आणि तेथून वळून पुन्हा भूमीवर उतरते. हा थर सूर्यकिरणांनीं बनतो. त्याची स्थिति अनुकूल असली म्हणजे अवघें शंभर वॉटचें यंत्र एवढें अंतर तोडूं शकतें.

दूरच्या बेटांशीं असा संपर्क साधण्याचा छंद जगभर आहे. इंग्लंडमधील जेफ वॉट्स यांनीं १९६४ सालीं त्याला बेटांच्या यादीची शिस्त लावली. ज्या बेटावर कोणी हौशी संदेशक राहत नाहीं, तेथें चारदोन मंडळी यंत्र, हलका खांब, तार आणि जनित्र घेऊन जातात, कांहीं दिवस केंद्र चालवितात व जगांतून येणाऱ्या हांकांना एकामागून एक उत्तर देतात. प्रत्येक संपर्क नांवनिशी टिपून ठेवावयाचा, एवढाच खेळ! तिकिटें जमविण्याहून यांत अधिक तें काय, असा प्रश्न कोणी विचारील.

त्याचें उत्तर २००४ च्या डिसेंबरांत मिळालें. दीर्घ खंडानंतर परवानगी मिळवून भारती प्रसाद व त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअर येथें केंद्र चालवीत होते. हजारों संपर्क झाले होते. २६ डिसेंबरच्या सकाळीं भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. दळणवळणाची नेहमींचीं साधनें विस्कळित झालीं. या मंडळींनीं छंद तत्काळ बाजूस ठेवला, केंद्र पुन्हा चालू केलें आणि बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांस कळविण्याचें काम हातीं घेतलें.

जनित्रावर यंत्र चालविणें, गोंगाटांतून क्षीण आवाज वेंचणें, मोजक्या शब्दांत निरोप अचूक टिपणें, हें सारें त्या दिवशीं नव्यानें शिकावें लागलें नाहीं. तें खेळांतच अंगवळणीं पडलें होतें. मात्र बेटावरून हांक घालणाऱ्यास ती ऐकणारा कोठें तरी असावा लागतो. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविलेला असा श्रोता मोठ्या शहरांतच असला पाहिजे असें नाहीं; प्रवरेकांठच्या गच्चीवरहि तो असूं शकेल.