‘ध’चा ‘मा’ आणि आज्ञापालनाचा प्रश्न

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा पाठ)



‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठी घरात ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. रघुनाथरावांच्या मूळ आज्ञेत ‘धरावे’ असे होते, कोणी तरी एक अक्षर फिरविले आणि त्याचे ‘मारावे’ झाले, अशी ती कथा. इतिहासाच्या कसोटीवर ती कितपत उतरते, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. नाटककारांना, कथाकारांना आणि सामान्य माणसाला मात्र गेली दोन शतके एकाच प्रश्नाने झपाटले आहे : ते अक्षर फिरविले कोणी?

याच कथेत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. अक्षर फिरविणारा हात एकच होता. आज्ञा पाळणारे हात पुष्कळ होते. अठरा वर्षांचा पोर जीव वाचविण्यासाठी धावत येऊन चुलत्याला मिठी मारतो, तेव्हा त्या अनेक हातांपैकी एकही हात अडखळला नाही, तो का? ज्याच्या रक्षणासाठी पगार मिळत होता त्याच्यावरच तलवार उचलताना ‘ही आज्ञा खरी कशावरून?’ असे एकालाही का विचारावेसे वाटले नाही? सत्ता, नेतृत्व आणि आज्ञापालन यांविषयी आपल्या साहित्याने काय सांगितले, याचा शोध या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करणे अधिक फलदायी ठरते.

मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या मनातील नेत्याची प्रतिमा पाठ्यपुस्तकांपेक्षा कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी अधिक घडविली आहे. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘मृत्युंजय’, ‘छावा’ ही पुस्तके मुंजीत आणि लग्नात आहेर म्हणून दिली गेली, ग्रंथालयांतून फाटेपर्यंत वाचली गेली. २०२५ साली ‘छावा’ कादंबरीवरील हिंदी चित्रपट झळकला आणि मराठी न जाणणारी एक नवी पिढीही त्या कथेपाशी आली. मात्र अशा वाचनात एक गोष्ट नेहमी घडते. वाचकाच्या मनात नायक राहतो, आणि त्याच्या पुढ्यात, पाठीशी किंवा विरोधात उभी असलेली माणसे विसरली जातात. वास्तविक समर्थ लेखक नेतृत्वाची पारख या दुसऱ्या रांगेतील माणसांवरूनच करीत असतो.

काशीला निघालेला न्यायाधीश

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पानिपतानंतर अवघ्या सोळाव्या वर्षी राज्याची धुरा खांद्यावर घेणारा आणि १७७२ साली थेऊरला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी देह ठेवणारा माधवराव हा तिचा नायक. या तरुणाचे मोठेपण लेखकाने कशात पाहिले? १७६२ साली आळेगावी घरच्या फुटीने राज्य बुडू नये म्हणून तो स्वतः चुलत्याच्या स्वाधीन झाला. पुढे १७६८ साली धोडपला त्याच चुलत्याचा पराभव करून त्याने त्याला नजरकैदेत ठेवले. नमते कोठे घ्यावे आणि कठोर कोठे व्हावे, हे ज्याला कळते तो राज्यकर्ता, हा धडा या दोन प्रसंगांतून मिळतो.

त्याहूनही बोलकी आहे ती रामशास्त्र्यांची परंपरागत कथा. तरुण पेशवा जपतपात अधिकाधिक रमू लागला. कामासाठी आलेल्या शास्त्रीबोवांना परत जावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जाण्याचा निरोप मागितला. कारण विचारता त्यांनी स्पष्टच सांगितले, की राज्य पत्करले असेल तर प्रजेची कामे हाच धर्म; तो साधत नसेल तर पेशव्यांनीही सोबत चलावे आणि गंगातीरी खुशाल अनुष्ठान करावे. माधवरावाने हे ऐकून घेतले आणि आपला दिनक्रम बदलला. या कथेत मोठे कोण? ज्याने सुनावले तो की ज्याने ऐकले तो? उत्तर असे, की एकाचे मोठेपण दुसऱ्यावाचून सिद्धच झाले नसते. निर्भय सेवक लाभणे हे राजाचे भाग्य खरे, पण तो टिकविणे हे राजाचे कर्तृत्व.

हेच रामशास्त्री नारायणरावाच्या खुनानंतर रघुनाथरावासमोर उभे राहिले आणि त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ नाटकात हा संघर्ष रंगभूमीवर आणला, तर १९४४ साली प्रभातने ‘रामशास्त्री’ पडद्यावर आणला. रामशास्त्र्यांपाशी ना फौज होती ना खजिना. ते बंड करीत नाहीत, कट रचीत नाहीत. पदावर असेतो पदाचे काम चोख करतात आणि ते अशक्य होताच पुणे सोडून चालते होतात. गारदी आणि रामशास्त्री दोघेही एकाच सरकारचे चाकर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे चाकरी या शब्दात केवढे अंतर मावते, ते उमगते.

कर्ण आणि विकर्ण

शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ १९६७ सालची. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांच्या मुखातून कथा उलगडण्याची तिची रीत वाचकांना इतकी भावली, की कर्ण हा मराठी मनाचा लाडका नायक होऊन बसला. भर आखाड्यात कुळावरून हिणविल्या गेलेल्या तरुणाला दुर्योधनाने अंगदेशाचे राज्य दिले. त्या क्षणापासून कर्णाची निष्ठा व्यक्तीला वाहिलेली आहे. श्रीकृष्णाकडून जन्माचे रहस्य कळल्यावरही तो पक्ष बदलत नाही. या निष्ठेपुढे वाचकाचे डोळे पाणावतात आणि ते स्वाभाविकही आहे.

तथापि मूळ महाभारतातील द्यूतसभेचा प्रसंग आठवावा. भीष्म-द्रोणांसारखे वडीलधारे स्तब्ध आहेत. अशा सभेत दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण उठतो आणि द्रौपदीला जिंकलेली मानणे अन्यायाचे आहे, असे बजावतो. त्याला गप्प बसविणारा कोण? कर्णच! ज्याने आयुष्यभर अन्याय सोसला, तोच अन्यायाविरुद्ध उठलेला आवाज दाबतो. कारण त्याने विवेकाची किल्ली उपकारकर्त्याच्या हाती दिलेली आहे. विकर्णानेही पक्ष सोडला नाही. तो भावांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून पडला; त्याला मारताना भीमालाही दुःख झाले. आपल्या पक्षात राहून, आपल्या माणसांसमोर, चुकीला चूक म्हणता येते याचे महाभारतातील हे लख्ख उदाहरण. विकर्णावर मात्र खपाचे उच्चांक गाठणारी कादंबरी कोणी लिहिली नाही.

धर्मराजाचा संयम, भीमाची मूठ

आज्ञा देणारा सज्जन असेल आणि तरी ती पाळणे कठीण होत असेल, तर काय करावे? १९०७ साली खाडिलकरांनी ‘कीचकवध’ हे नाटक रंगभूमीवर आणले ते याच प्रश्नावर. कथा विराटनगरीची. अज्ञातवासाचे थोडेच दिवस उरले आहेत. राजाचा मेहुणा कीचक सैरंध्रीवर वाईट नजर ठेवतो. युधिष्ठिर धीर धरायला सांगतो, भीमाला ते असह्य होते. कीचकात लॉर्ड कर्झन, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल प्रेक्षकांनी बरोबर ओळखले. सरकारनेही ओळखले आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. पौराणिक नाटकाला साम्राज्यसत्ता भ्याली, यातच त्याचे सामर्थ्य दिसते.

यातील सूक्ष्म भाग ध्यानात घेण्याजोगा आहे. भीम वडील भावाच्या उपदेशापलीकडे जातो, परंतु त्याचे थोरपण नाकारीत नाही. कीचकाला मारतो तोही अंधारात, अज्ञातवासाची अट मोडू नये अशी काळजी घेऊन. त्याने उपदेश ओलांडला, उद्दिष्ट मात्र सांभाळले. मनाला येईल तसे वागणे आणि कार्यासाठी जबाबदारी शिरावर घेऊन पुढे होणे यांतील सीमारेषा या नाटकाने दाखवून दिली.

अंबारी रिकामी दिसली तेव्हा

नेतृत्वाची खरी परीक्षा नेता दिसेनासा होतो त्या घटकेला होते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने घरोघर पोहोचविलेली कोंढाण्याची कथा पाहा. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्री तानाजी पडला. मुलाचे लग्न बाजूला ठेवून आलेला हा सरदार पडताच मावळ्यांचा धीर सुटू लागला. परंपरा सांगते, की सूर्याजीने परतीचे दोर कापून टाकले आणि पळणाऱ्यांना माघारी फिरविले. त्या क्षणी त्याला आज्ञा देणारे कोणी नव्हते. महाराज राजगडावर होते, भाऊ धारातीर्थी पडला होता. महाराजांचा हेतू मात्र सूर्याजीच्या मनात पक्का होता आणि तेवढा पुरेसा ठरला.

आता त्याच्या शेजारी १४ जानेवारी १७६१ चे पानिपत ठेवावे. विश्वास पाटील यांनी १९८८ सालच्या ‘पानिपत’ कादंबरीत बखरींनी बदनाम केलेल्या सदाशिवरावभाऊंना न्याय देण्याचा प्रयत्न केला. भाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफा-बंदुकांवर आणि गोलाच्या लढाईवर. जुन्या सरदारांचे मन गनिमी काव्याकडे. सरदार भाऊंचा हुकूम मानीत होते, डाव मनोमन पटलेला नव्हता. त्यामुळे ऐन लढाईत गोल फुटला. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले, आणि रिकामी अंबारी पाहून फौजेने ओळखले ते एवढेच, की सगळे संपले. भाऊ त्या वेळी जिवंत होते आणि लढत होते! इब्राहिमखानही अखेरपर्यंत आपल्या जागी लढला, शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. हाही गारदीच. गारदी या शब्दाला १७७३ साली लागलेला कलंक या माणसाला लागू पडत नाही. कारण पगारापलीकडे त्याने दिलेला शब्द पाळला.

कोंढाण्यावर नेता पडला तरी गड आला, पानिपतावर नेता जिवंत असूनही फौज हरली. अंतर कोठे पडले? एका ठिकाणी ध्येय प्रत्येकाचे झाले होते, दुसऱ्या ठिकाणी ते अंबारीत बसलेले होते. शिवछत्रपती १६८० साली गेले, १६८९ साली संभाजीराजांची क्रूर हत्या झाली, राजारामांना जिंजी गाठावी लागली, १७०० साली तेही गेले. तरी ताराबाईंच्या काळात लढा चालूच राहिला आणि १७०७ साली औरंगजेब याच भूमीत, अहमदनगरजवळ, थकून मेला. सत्तावीस वर्षांत नेते बदलले, झुंज थांबली नाही. ‘श्रीमान योगी’ मिटल्यानंतर वाचकाने मनात उघडावयाचे प्रकरण हे आहे.

मोजलेली निष्ठा

लोकशाहीच्या काळातील सत्तेचे चित्र अरुण साधू यांनी ‘मुंबई दिनांक’ आणि १९७७ सालच्या ‘सिंहासन’मध्ये रेखाटले. साधू हे पत्रकार. मंत्रालयाचे अंतरंग त्यांनी जवळून पाहिलेले. जब्बार पटेल यांच्या १९७९ सालच्या चित्रपटामुळे मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांची खुर्ची खेचू पाहणारे विश्वासराव आणि सारे पाहून सुन्न होणारा वार्ताहर दिगू टिपणीस ही पात्रे सर्वतोमुखी झाली. येथे कोणी कोणाची आज्ञा मानतो ती पुढच्या लाभाचा हिशेब करून. डोकी मोजली जातात, मने कोणी विचारीत नाही. शनिवारवाड्यातील गारद्यांच्या हाती तलवारी होत्या, येथे सह्यांची यादी आहे. अशा वातावरणात नेता सर्वांत एकटा पडतो. कारण खरे सांगण्यात त्याच्याभोवतीच्या कोणाचाच फायदा नसतो.

वाचकाने काय घ्यावे?

संघटनेत काम करणाऱ्याला शिस्त हवीच. आज्ञापालनावाचून ना सैन्य चालते, ना संस्था, ना घर. जो तो आपल्याच बुद्धीने चालू लागला, तर पानिपताचा गोल पुन्हा फुटेल. मात्र या सर्व कथांचा सारांश असा, की आज्ञापालनाचे मोल पाळणाऱ्याच्या विवेकावर ठरते. आज्ञेमागील हेतू ज्याला कळला आहे तो आज्ञा देणारा नसतानाही दोर कापतो आणि आज्ञा हेतूला सोडून जाऊ लागली तर निर्भयपणे थांबवितो. सूर्याजी आणि रामशास्त्री ही एकाच गुणाची दोन रूपे आहेत. ज्या नेत्याला केवळ सूर्याजी हवे असतात आणि रामशास्त्री नको असतात, त्याच्या वाट्याला अखेरीस गारदी येतात.

म्हणून घरातील मुलांच्या हाती या कादंबऱ्या देताना वडीलधाऱ्यांनी एक प्रश्न सोबत द्यावा. ‘तुला माधवराव आवडला का?’ असे विचारून थांबू नये. ‘रामशास्त्र्यांच्या जागी तू असतास तर बोलला असतास का?’ असेही विचारावे. आणि मुलाने तोच प्रश्न उलटून वडिलांना विचारला, तर त्याला उद्धट म्हणून गप्प बसवू नये. कर्णाने विकर्णाला गप्प बसविले होते, एवढे त्या वेळी आठवावे.