आवक-जावकच्या टेबलापासून



पत्रिकेत विषय छापला आहे ‘लोकप्रशासनातील संघटना सिद्धांत व वर्तन’. हे वाचूनही सभागृह निम्मं भरलं, म्हणजे निम्म्या लोकांना व्याख्यान काल होतं असं वाटलेलं दिसतं. (हशा)

रीतसर सुरुवात करतो. वुड्रो विल्सनचा 1887 चा निबंध, टेलरचं 1911 चं शास्त्रीय व्यवस्थापन, मॅक्स वेबरची नोकरशाही, गुलिक आणि अर्विकचं 1937 मधलं ‘पॉस्डकॉर्ब’, म्हणजे व्यवस्थापकाच्या कामांची आद्याक्षरं. मागच्या रांगांत स्पर्धा परीक्षेची मुलं आहेत, त्यांना हे सगळं सनावळीसकट पाठ आहे. बाकीच्यांचं त्यावाचून आजवर काही अडलेलं नाही, तेव्हा पुढे जाऊ.

माझं म्हणणं एकच आहे. ते मी वर्गात इतक्यांदा बोललोय की पोरं मागून मला ‘आवक-जावक सर’ म्हणायची. संघटनेचा अभ्यास साहेबाच्या केबिनपासून खाली करत येऊ नका. आवक-जावकच्या टेबलापासून वर जा. हर्बर्ट सायमनने 1947 मध्ये ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेविअर’मध्ये दाखवून दिलं की प्रशासन म्हणजे निर्णयांची साखळी, आणि निर्णय घेणाऱ्या माणसाकडे माहिती अपुरी, वेळ अपुरा, तो सर्वोत्तम शोधत बसत नाही, भागेल तेवढ्यावर थांबतो. त्याला 1978 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या तहसिलातल्या लिपिकाला हे आधीच माहीत होतं, त्याला वेतनवाढसुद्धा वेळेवर मिळाली नाही. (हशा)

आता सहा गठ्ठे. महसुलातली मंडळी हसताहेत. इतरांसाठी सांगतो, लिपिकाने आपले कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे असतात: चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. उत्तम पद्धत आहे. पण दुसऱ्या गठ्ठ्याकडे लक्ष ठेवा. कोणाकडून तरी माहिती यायची आहे म्हणून थांबलेली प्रकरणं तिथे जातात. निर्गतीची मोहीम निघाली की पहिला गठ्ठा झपाट्याने उतरतो आणि दुसरा फुगतो. 2005 च्या दप्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे फाईल कोणाही एकाकडे सात कामाच्या दिवसांहून जास्त थांबायची नाही. मग सहाव्या दिवशी ‘खुलासा मागवावा’ एवढा शेरा मारला की फाईल हलली! समाजशास्त्रज्ञ मर्टनने 1940 मध्ये हेच लिहून ठेवलंय, की नियम पाळणं हेच ध्येय होऊन बसतं आणि नियम कशासाठी होता ते मागे पडतं.

यावर एक गोष्ट सांगतो, दोन मिनिटांत.

विद्यार्थ्यांना घेऊन एका तहसील कार्यालयात गेलो होतो. निराधार योजनांची शाखा. टेबलावर एक भाऊसाहेब, आणि समोर श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन आलेली आजी. उत्पन्नाचा दाखला होता, वयाचा नव्हता. भाऊसाहेबांनी अर्ज चाळला आणि आवक क्रमांक न टाकताच पेपरवेटखाली सरकवला. म्हणाले, “आजी, ग्रामीण रुग्णालयातनं वयाचा दाखला आणा. गुरुवारच्या आत.” आजी गेल्या. आमची एक विद्यार्थिनी तापली. नंबर का नाही दिला? भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, “ताई, नंबर टाकला की त्रुटी काढायची, त्रुटी काढली की पत्र जाणार. ते पत्र आजीला वाचून कोण दाखवणार?” आणि आजी आल्याच नाहीत तर? त्यांनी खण उघडला. आत शंभरपानी शाळकरी वही. नाव, गाव, काय कमी आहे, आणि शेवटच्या रकान्यात निरोप कोणामार्फत धाडायचा: कोतवाल, पोस्टमन, एका ठिकाणी ‘पिठाची गिरणी’.

ही वही सहा गठ्ठ्यांपैकी कुठल्या गठ्ठ्यात येते? कुठल्याच नाही. पॉस्डकॉर्बमधल्या कुठल्या अक्षरात? त्यातही नाही. चेस्टर बर्नार्डने 1938 मध्ये अनौपचारिक संघटनेबद्दल लिहिलं, ती इथे दोन रुपयांच्या बॉलपेनने लिहिलेली होती. आणि याच सवलतीत धोकाही आहे. नंबर नसलेला अर्ज कुठल्याही आकड्यात दिसत नाही. हाच पेपरवेट दुसऱ्या कोणाच्या हातात पडला, तर त्याखालचा कागद बाहेर काढायचा दर ठरतो.

पहिल्या रांगेतले निवृत्त साहेब जोरात मान हलवताहेत. रावसाहेब, मी महसूल खात्याला नावं ठेवत नाहीये! (हशा) वरून कामं होत नाहीत असंही माझं म्हणणं नाही. नगरला ऐंशीच्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तर लावून घेतलं, बसण्याची व्यवस्था बदलली, लोकांसाठी एक खिडकी केली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून त्याचं नाव झालं. पण त्यातही त्यांनी हात घातला तो टेबलांना, कपाटांना आणि कागदांना. म्हणजे ते माझ्याच बाजूचे. (हशा, टाळ्या)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? दोन मिनिटांची गोष्ट अंमळ लांबली खरी.

मग हॉथॉर्न सोडून देतो, रिग्जही सोडतो. मुलांनो, ते पुस्तकात आहे. लिप्स्कीचं मात्र बोललंच पाहिजे. 1980 मध्ये मायकेल लिप्स्कीने अमेरिकेतले शिक्षक, पोलीस, कल्याण खात्यातले कर्मचारी पाहून लिहिलं की ही माणसं धोरण नुसतं राबवत नाहीत, रोजच्या निवाड्यांतून तीच धोरण घडवतात. आपल्याकडे 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आला. चांगला कायदा. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत. पण मुदत मोजायची कधीपासून? सर्व बाबतींत पूर्ण असलेला अर्ज मिळाल्यापासून. आणि पूर्ण झाला हे पहिल्यांदा कोण म्हणतं? मंत्रालय? नाही हो. पेपरवेटवाला!

म्हणून विद्यापीठांकडे माझी जुनीच मागणी आहे. एम.ए.च्या मुलांना एक सत्र या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसवा. प्रबंध नको, नोंदी आणा: किती अर्ज नंबराविना परत गेले, कोणाचे, कोणत्या कागदावरून. अभ्यास मंडळाने ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारून मागणी ठेवली आहे. दुसऱ्या गठ्ठ्यात. (हशा)

अध्यक्ष उठलेच. हो, एक चिठ्ठी श्रोत्यांतून आलीय, त्या वहीचं काय झालं म्हणून. भाऊसाहेबांची बदली झाली. चार्ज देताना यादीत कपाटाच्या किल्ल्या होत्या, शिक्के होते, गठ्ठे होते. वही कुठे लिहायची ते नमुन्यात नव्हतं, म्हणून ती त्यांनी नव्या माणसाच्या हातात नुसतीच दिली. नवा माणूस ती वापरतो का, हे विचारायला मी पुन्हा गेलो तेव्हा तोही बदलून गेला होता. बाकीचे प्रश्न खाली मांडवात घेतो.