गॅस सेन्सरचे संशोधन आणि आपली मुले



आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून. आम्ही विज्ञानावर काय बोलणार, असे कुणालाही वाटेल. पण निफाडची मुले एम.एस्सी. होतात, क्लासमध्ये शिकवू लागतात आणि तेथेच थांबतात, हे आम्ही पाहतो. म्हणून बोलतो.

गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेला, ही बातमी आपण वाचतो. तो कोणत्या वस्तीतला, हे आपल्याला विचारावे लागत नाही. तेथे जीव घेणारा एक मुख्य वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरएक भाग झाले, की नाकच बधिर होते. माणसाला वाटते, वास गेला, धोका टळला! माणसाने गटारात उतरूच नये, यासाठी १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वारसांची भरपाई तीस लाख केली. तरी माणसे उतरतात, आणि भरपाई मेल्यावर मिळते.

नाक फसते तेथे सेन्सर लागतो. १९६२ साली जपानमध्ये तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या, म्हणजे कथिलाच्या ऑक्साइडच्या सेन्सरचे पेटंट मागितले. हा पदार्थ तापवला की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो, इलेक्ट्रॉन अडवून धरतो आणि विजेला होणारा विरोध वाढतो. ज्वलनशील वायू आला की तो ऑक्सिजन निघून जातो व विरोध घटतो. त्यावरून वायू कळतो. त्यात तांब्याचा ऑक्साइड मिसळला, तर हायड्रोजन सल्फाइडने त्याचे कॉपर सल्फाइड होते, वीज सहज वाहते आणि नेमका हाच वायू ओळखता येतो.

मग शोधायचे काय उरले? पुष्कळ. गटारातल्या दमट हवेत सेन्सर चुकतो. एका वायूऐवजी दुसऱ्याला दाद देतो. शिवाय तो दोनशे-तीनशे अंशांपर्यंत तापवावा लागतो, म्हणून बॅटरी लवकर संपते. साध्या तापमानाला चालणारा, स्वस्त पदार्थ कोणी केला, तर आपल्या लासलगावच्या कांद्याच्या चाळीत सडका कांदाही वेळीच कळेल.

हे काम दूर कोठे चालते असे नाही. आपल्या जिल्ह्यात चांदवडच्या महाविद्यालयातून आणि शेजारच्या जळगाव जिल्ह्यात अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातून या विषयावर शोधनिबंध निघाले आहेत. पुण्याच्या सी-मेटमध्येही हे संशोधन होते.

आता पैशाचे, कारण आम्हाला तेच कळते. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले, ते बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. आज नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार रुपये व घरभाडे वेगळे मिळते. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, बार्टीचीही आहे. कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी हे पाहावे. हप्ते मात्र वेळेवर येतातच असे नाही. चार-सहा महिन्यांची तजवीज घरच्यांनी करून ठेवावी, आणि मुलीसाठीही करावी.

१९९० पासून बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण त्यासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तो एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षीच काढून ठेवा. कागद अडले, तर रविवारी सकाळी आम्ही मंडळाच्या कार्यालयात असतो.