मुलांस दुसऱ्याचें ऐकावयास शिकवा

[एका खेडेगांवच्या प्राथमिक शाळेंत ३ जानेवारी रोजीं, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त पालकसभा भरली होती. त्या सभेंत तेथील शिक्षकांनीं केलेलें भाषण आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून देत आहों. — संपादक]



सभेचें बोलावणें आलें तेव्हां आपल्यांतील पुष्कळांस वाटलें असेल कीं, गुरुजी आतां पोरांच्या अक्षराबद्दल, गैरहजेरीबद्दल, नाहीं तर वर्गणीबद्दल बोलणार. तसें नाहीं. आज मी मराठीच्या तासाबद्दल बोलणार आहें, आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून करणार आहें. दुसऱ्याच्या चुका काढणें हा माझा रोजचा धंदाच आहे. एक दिवस आपली सांगितली तर कांहीं बिघडत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं अशाच ऊंसतोडीच्या दिवसांत बीडकडची एक टोळी आपल्या शिवारांत उतरली. ओढ्याकांठीं कोप्या पडल्या. त्यांतला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा माझ्या वर्गांत आला. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें वर्षाच्या मध्यें आलेल्या मुलासही शाळेनें जागा दिली पाहिजे. मीं त्याचें नांव पटावर घातलें आणि आपलें काम झालें असें समजलों.

तिसऱ्या दिवशीं त्यास धडा वाचावयास उभें केलें. पुस्तकांत ‘आई’ छापलें होतें. त्यानें ‘माय’ वाचलें. मीं दुरुस्त केलें. पुढच्या ओळींत पुन्हां ‘माय’. मी हंसून म्हणालों, “अरे, पुस्तकात काय छापलंय ते वाच; तुझ्या कोपीतलं इथं नको.” सगळा वर्ग हंसला. तो मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. त्या दिवसापासून तो वर्गांत बोलेनासा झाला, आणि आठवड्याभरानें यावयाचाही बंद झाला.

एके दिवशीं सायंकाळीं मी कोपीवर गेलों. त्याची आई फडावरून नुकतीच येऊन चूल पेटवीत होती. कडेवर तान्हें मूल होतें. पाचटाच्या भिंतींतून वारा सरळ आंत येत होता. बाई रागावली नाहीं. इतकेंच म्हणाली, “गुरुजी, पोरगं म्हनतंय, साळंत माझी बोली चालत न्हाई. मग तिथं बसून काय करू?”

बांधवहो, त्या बाईनें मला शिवी दिली असती तर बरें झालें असतें. अध्यापक विद्यालयांतून पदविका घेऊन मी पंधरा वर्षें मुलें शिकवीत होतों. मुलाची चूक तांबड्या शाईनें कशी दाखवावी हें मला पाठ होतें. मुलाचें ऐकावें कसें, हें मीं शिकून घेतलेलें नव्हतें. त्याच कायद्यानें मुलास मारण्याची बंदी आहे, तशी त्याच्या मनास जाच करण्याचीही बंदी आहे. छडी मीं कधींच टाकून दिली होती. पण माझ्या जिभेचा फटका छडीहून मोठा बसला.

आज सावित्रीबाईंची जयंती आहे, म्हणून त्यांच्या शाळेंतील एक गोष्ट सांगतों. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, व पुढें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठींही शाळा काढल्या. त्यांच्या शाळेंत मुक्ता साळवे नांवाची मांग जातीची, सुमारें चौदा वर्षांची मुलगी शिकत होती. तिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, व तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. निबंध म्हणजे काय, तर भाषेच्या तासाचा अभ्यास. आपलीं मुलें गाय, पावसाळा, दिवाळी यांवर दहा ओळी लिहितात, तसलाच. पण या मुलीनें काय लिहिलें? आमच्या बायका बाळंत होतात तेव्हां डोक्यावर छप्परसुद्धां नसतें. थंडी, पाऊस, वारा यांनीं त्यांचे काय हाल होत असतील, तें तुम्ही आपल्या स्वतःच्या अनुभवावरून जाणा, असें तिनें वाचणारांस सांगितलें.

हें नीट ध्यानांत घ्या. ती मुलगी भीक मागत नाहीं. आमची दया करा असें म्हणत नाहीं. तुमच्या घरांत बाळंतपण झालें होतें तें आठवा, तुमच्या अंगाला थंडी वाजली होती ती आठवा, आणि मग आमच्याकडे पाहा, असें ती म्हणते. दया करणारा स्वतः उंचावर राहून खालीं हात करतो. हें तसें नव्हे. यांत आपलेंच दुःख आठवून दुसऱ्याच्या शेजारीं बसावें लागतें. मला कोपीच्या दारांत हाच निबंध आठवला, आणि माझी मान खालीं गेली. मुक्ताबाईच्या निबंधाला दीडशेंहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि तान्हें मूल तसेंच वाऱ्यांत होतें.

त्यानंतर मीं मराठीच्या तासांत आठवड्यांतून दोन दिवस कांहीं नवे अभ्यास सुरू केले. तुमचीं पोरें घरीं येऊन “आज आमी नाटक केलं,” असें सांगतात तें हेंच. त्यांत काय चालतें तें ऐका.

पहिला अभ्यास ऐकण्याचा. दोन-दोन मुलांच्या जोड्या करावयाच्या. त्याही रोजच्या मित्रांच्या नव्हेत. एकानें काल सकाळपासून शाळेंत येईपर्यंत काय काय केलें तें सांगावयाचें. दुसऱ्यानें मध्यें न बोलतां ऐकावयाचें. मग ऐकणारानें उभें राहून तें सगळें ‘मी’ म्हणून वर्गास सांगावयाचें, जणूं तें त्याच्यावरच गुदरलें आहे. शेवटीं पहिल्यास विचारावयाचें, “बरोबर सांगितलं का? काही राहिलं का?”

एकदां एका मुलाची जोडी एका मुलीशीं लावली. तो उभा राहिला आणि म्हणाला, “मी पहाटे उठले.” मुलगा होऊन ‘उठले’ म्हणतो, म्हणून सगळीं हंसलीं. तो पुढें सांगूं लागला: मी पाणी भरले, शेण काढले, भावाची वेणीफणी... येथें तो अडखळला, कारण भावाला वेणी कोठून असणार? ती म्हणाली, “बहिणीची.” बहिणीची वेणी घातली, भांडीं घासलीं, चुलीपुढें बसले, मग दप्तर भरले, आणि धांवत शाळेंत आले. यादी लांबत गेली तसें हंसणें थांबलें. मग त्या मुलानें आपली स्वतःची सकाळ सांगितली. ती दोन वाक्यांत संपली. मीं कांहीं उपदेश केला नाहीं. ‘उठले’ आणि ‘भरले’ या दोन क्रियापदांनीं जें शिकविलें, तें माझ्या तासाभराच्या व्याख्यानानें झालें नसतें.

दुसरा अभ्यास शब्दांच्या वहीचा. प्रत्येक मुलानें घरच्या धंद्यांतले पांच शब्द आणावयाचे आणि त्यांचा अर्थ वर्गास समजावून द्यावयाचा. लोहाराच्या मुलीनें भाता, ऐरण, सांडशी आणली. सुताराच्या मुलानें वाकस, पटाशी, रंधा सांगितला. कुंभाराच्या नातवानें आवा कसा रचतात तें फळ्यावर काढून दाखविलें. मला स्वतःला त्यांतलें निम्में ठाऊक नव्हतें. परीक्षेंत मागें पडणारीं तीं मुलें त्या दिवशीं गुरुजींचीं गुरुजी झालीं! ऊंसतोडीवाल्यांच्या पोरांनीं ‘कोयता’ या शब्दाचा अर्थ सांगितला, तो तर तुम्हांलाही ऐकावयास पाहिजे होता. कोयता म्हणजे नुसतें हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल त्या जोडीवर असते. एका मुलीनें विचारलें, “मग आई आजारी पडली तर?” उत्तर आलें, “तर अर्धा कोयता.” वर्ग गप्प झाला. ‘आई’ आणि ‘माय’ हे दोन्ही शब्द आतां आमच्या वहींत शेजारीं-शेजारीं आहेत. पुस्तकी शब्द मुलास आलाच पाहिजे, कारण त्यावांचून त्याचा अर्ज कोणी वाचणार नाहीं. पण पुस्तकी शब्द द्यावयाचा म्हणून घरचा शब्द त्याच्या तोंडांतून हिसकून घ्यावयाचा, हा धर्म नव्हे.

तिसरा अभ्यास संवादाचा. जोतीरावांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें, तें करमणुकीसाठीं नव्हे. माणसें समोरासमोर बोलतांना दिसलीं म्हणजे अज्ञान कोठें आहे व लबाडी कोठें आहे तें अडाण्यासही कळतें. आम्हीं बांधाचें भांडण घेतलें. एका भावानें बांध कोरला, दुसरा कुऱ्हाड घेऊन आला. पहिल्या खेपेस पोरांनीं जे शब्द वापरले, ते त्यांनीं कोठें ऐकले असतील हें मी येथें सांगत नाहीं. ज्याचें त्यानें मनांत समजावें. दुसऱ्या खेपेस सोंगें बदललीं; बांध कोरणारा झाला तक्रार करणारा. तिसऱ्या खेपेस एक नियम घातला: आपलें म्हणणें मांडण्याआधीं दुसऱ्याचें म्हणणें त्याला पटेल असें बोलून दाखवावयाचें. भांडण मिटलें असें मी म्हणत नाहीं. पण कुऱ्हाड खालीं राहिली. भाऊबंदकीच्या दाव्यांत आपल्या किती घरांच्या जमिनी गेल्या तें आठवा, म्हणजे या खेळाची किंमत कळेल.

दुसरा संवाद चावडींतला. शेतकरी उतारा मागावयास जातो. पहिल्या खेपेस आमचा शेतकरी एक तर हात जोडून गयावया करी, नाहीं तर ओरडे. आम्हीं त्यास चार प्रश्न शिकविले: कोणता कागद लागेल, फी किती, पोच कोण देईल, कोणत्या दिवशीं यावें. प्रश्न सरळ, आवाज शांत, मान ताठ. नम्रपणा म्हणजे लाचारी नव्हे, हें आपल्या लोकांस लहानपणींच कळलें पाहिजे. जो मुलगा कारकून झाला होता तोही कांहीं शिकला. समोर कागदांचा ढीग आणि दारांत रांग असली म्हणजे माणूस कसा खेंकसतो, हें त्यानें स्वतः खेंकसून पाहिलें, आणि मग त्यालाच तें वाईट वाटलें. उद्यां यांतलाच कोणी खरोखर त्या खुर्चीवर बसेल. त्या वेळीं त्याला हा खेळ आठवावा, एवढीच माझी इच्छा आहे.

चौथा अभ्यास पत्राचा. गळीत हंगाम संपून टोळ्या परत गेल्या कीं राहिलेलीं मुलें गेलेल्यांस पत्रें लिहितात. पहिलीं पत्रें सगळीं एकसारखीं: तूं बरा आहेस काय, मी बरा आहें. मीं विचारलें, “सहा महिने बंद असलेलं घर उघडल्यावर त्याला पहिल्यांदा काय दिसलं असेल?” मग पत्रें बदललीं. तुमच्या पत्र्यावर धूळ बसली होती का, तुझी आजी तुला ओळखली का, तिकडच्या शाळेंत तुझी जागा राहिली आहे का, असे प्रश्न आले. पत्राची भाषा सुधारली, कारण लिहिणारास विचारावयाचें कांहीं तरी सांपडलें.

आपल्यांतील कोणी म्हणेल, “गुरुजी, या खेळानं मार्क पडतात का?” प्रश्न रास्त आहे. पोटाला चिमटा काढून तुम्ही पोरें शिकवितां. माझा अनुभव असा कीं, जें मूल दुसऱ्याचें नीट ऐकून सांगूं शकतें, त्याला धड्याचा अर्थ विचारला तर तें गोंधळत नाहीं. आणि ज्याला सांगण्यासारखें आहे, त्याचा निबंध गाईच्या चार पायांवर थांबत नाहीं. पण समजा, एकही मार्क वाढला नाहीं. तरी ज्या गांवांत एका ओढ्यावर दोन पाणवठे होते, त्या गांवच्या मुलांनीं एकमेकांची सकाळ ‘मी’ म्हणून सांगावी, हें काय थोडें झालें?

मात्र शाळेंत पांच तास शिकविलेलें घरीं एका शब्दानें पुसलें जातें. ओट्यावर बसून आपण कोणाच्या जातीचें नांव शिवीसारखें घेतलें, कीं आंत बसलेलें पोर तो धडा कायमचा पाठ करतें. म्हणून आबा-अण्णांस माझी विनंति आहे कीं, जीभ आवरा. आणि मावश्या-वहिनींस विनंति आहे कीं, रात्रीं जेवतांना पोरास “किती मार्क पडले?” एवढेंच विचारूं नका, “आज कुणाचं काय ऐकलंस?” हेंही विचारा. आणि तें सांगत असतांना मध्यें बोलूं नका.

त्या पहिल्या मुलाचें काय झालें, असें तुम्ही विचाराल. मीं त्याच्या आईसमोर त्याची माफी मागितली. तो परत आला, हंगाम संपेपर्यंत बसला, थोडें बोलूं लागला. दुसऱ्या वर्षीं टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली, आणि तो मला पुन्हां दिसला नाहीं. तें देणें माझ्याकडे राहिलें आहे. तें मी आतां दुसऱ्या मुलांस फेडीत असतों.

आणि त्यासाठींच शेवटची एक मागणी. आजही ओढ्याकांठीं कोप्या उभ्या आहेत. येतांना तुम्हीं धूर पाहिला असेल. त्यांत किती मुलें आहेत तें मीं मोजलें: अकरा. त्यांतलीं चार शाळेंत येतात. बाकीचीं सात फडावर वाढीं गोळा करतात, नाहीं तर धाकटीं भावंडें सांभाळतात. ज्यांचा ऊंस तुटतो आहे त्या बागाइतदारांनीं उद्यां मुकादमास सांगावें कीं, पोरें शाळेंत धाडा. ज्यांच्या घरीं म्हातारें माणूस मोकळें आहे त्यांनीं दुपारपर्यंत तान्हीं मुलें शाळेच्या ओसरीवर सांभाळावीं. मी उद्यां सकाळीं आठ वाजतां कोपीवर जाणार आहें. माझ्याबरोबर कोण येतो, तें सभा संपल्यावर सांगा.